बिनसहीचा कागद

खांबेटेसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला, खिशातलं पेन काढलं आणि त्याचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"वाच आणि सही कर," ते म्हणाले. "मग चहा घेऊ."

कागद टाइप केलेला होता. चारच ओळी. 'मी, कु. वत्सला शंकर तायडे, राहणार भुसावळ, लिहून देते की, यापुढे मी कोणत्याही स्पर्धेत हॉकी खेळणार नाही. खेळल्याचे आढळल्यास संघटना करील ती कारवाई मला मान्य राहील.' खाली तारीख घातलेली. शनिवारची.

"साहेब, उद्या फायनल आहे आमची."

"म्हणून तर आज बोलावलं."

त्याला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. मी तेवीस वर्षांची होते. महिला क्रिकेट संघटनेचं पुण्यातलं ऑफिस म्हणजे एका शाळेच्या मागची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात बॅटी आणि पॅडचा ढीग. खांबेटेसाहेब संघटनेचे चिटणीस. पुढच्या शुक्रवारपासून पुण्यात परदेशी संघाविरुद्ध कसोटी सुरू होणार होती आणि भारताच्या संघात सहाव्या क्रमांकाची फलंदाज म्हणून माझं नाव होतं. भारताकडून खेळायची ती माझी दुसरीच मालिका.

"हॉकीत हाडं मोडतात," साहेब म्हणाले. "रविवारी तू पाय मोडून घेतलास तर शुक्रवारी मी कुणाला उभं करू?"

"नाही मोडणार."

"आणि मोडला तर?"

मी कागदावरच्या तारखेकडे बघितलं.

"हे बघ वत्सला, तू आता एकट्या भुसावळची नाहीस. देशाकडून खेळतेस. हे हातपाय आता तुझ्या एकटीचे राहिलेले नाहीत."

"मग कुणाचे?"

"संघाचे," ते म्हणाले. अगदी सहज. आपण काही वावगं बोललो असं त्यांना वाटलंच नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. बायकांच्या क्रिकेटला लोक हसत होते त्या काळात या माणसाने स्कूटरच्या मागे किटबॅग बांधून अख्खं पुणं पालथं घातलं होतं. मैदान द्या, म्हणून क्लबांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मलाही क्रिकेटमध्ये त्यांनीच आणलं, आणि तेही हॉकीच्या मैदानावरून. नाशिकला आमचा सामना बघून ते आमच्या कोच डिमेलो मिसना म्हणाले होते, "या डावीकडच्या फॉरवर्डला माझ्याकडे पाठवा. हिचा फटका चेंडूला शोधत जातो." तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि बॅट हातात धरलीही नव्हती.

हॉकी मात्र मला आठवतंय तेव्हापासून होती. माझे वडील लोकोशेडमध्ये फिटर. क्वार्टर्सच्या मागे रेल्वेचं मैदान होतं, गवत नावालाही नाही, नुसती खडी आणि काळी माती. डिमेलो मिस रेल्वेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि संध्याकाळी साडीचा पदर खोचून आम्हा मुलींना हॉकी. त्यांच्या बारा वर्षांच्या खटपटीनंतर भुसावळचा संघ पहिल्यांदा राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. सामना पुण्यातच, कॅम्पातल्या मैदानावर. तेरा मुली आल्या होत्या. त्यांतली एक काविळीने परत गेली, दुसरीचा घोटा सुजला. मला धरून अकरा उरल्या होत्या. माझ्याशिवाय दहा.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन जरा आणखी माझ्याकडे सरकवलं.

"चहा नको साहेब," म्हणून मी उठले.

संध्याकाळी मी शालनताईंना गाठलं. शालन कर्णिक आमच्या कप्तान. एकतीस वर्षांच्या, ठाण्याच्या, बोलायला कमी. आमच्या कसोटी शिबिराच्या वसतिगृहात त्या गॅलरीत बसून बॅटीला तेल लावत होत्या. मी कागदाचं सांगितलं.

"सही करून टाक," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"आणि उद्याची फायनल?"

"त्यांना सांग, नाही जमत. मला सहाव्या नंबरला तू हवी आहेस. खाली कुणी टिकत नाही."

"शालनताई, पण हे बरोबर आहे का?"

त्या तेलाचा बोळा बॅटीवर फिरवत राहिल्या. "बरोबर की चूक ते मला विचारू नकोस," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी किटबॅगमधून माझी स्टिक काढली आणि कॅम्पात गेले.

पुण्याचा संघ आमच्यापेक्षा वेगवान होता. त्यांच्याकडे नवे बूट, बाहेर बसलेल्या चार राखीव मुली. आम्ही अकराच. पहिल्या अर्ध्यात त्यांनी गोल केला. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला मला गोलासमोरच्या डीच्या टोकावर चेंडू मिळाला आणि मी तो मारला, खाली, जमिनीलगत. बरोबरी झाली. डिमेलो मिस रेषेवर उड्या मारत होत्या, त्यांच्या एका पायातली चप्पल निघून गेली होती.

शेवटची पंधरा मिनिटं राहिली असतील. त्यांच्या उंच फुलबॅकने चेंडूसाठी स्टिक फिरवली आणि ती माझ्या उजव्या हातावर बसली. आवाज मलाच ऐकू आला. करंगळीशेजारचं बोट क्षणभर माझं नाहीसंच झालं, आणि मग एकदम इतकं दुखलं की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"बाहेर ये!" मिस ओरडल्या.

बाहेर गेले असते तर दहा उरल्या असत्या. मी नाही गेले. उजव्या हाताने स्टिकला नुसता टेकू देत, सगळा जोर डाव्यात घेऊन पळत राहिले. शेवटच्या मिनिटांत चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मारण्याची ताकद नव्हती, म्हणून नुसता पुढे ढकलला. आमची कमरुन्निसा तिथे होती. तिने तो आत घातला. दोन-एक.

मुलींनी मिसना खांद्यावर घेतलं होतं तेव्हा मी नळाखाली हात धरून बसले होते. मिस आल्या, बोट बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मोडलंय गं. डॉक्टरकडे चल."

"नाही मिस. डॉक्टरकडे गेले तर उद्या संघटनेला कळेल."

"अगं पण शुक्रवारी..."

"शुक्रवारी खेळणार आहे."

मिस माझ्याशेजारी बसल्या. मग पर्समधून चिकटपट्टी काढून त्यांनी ते बोट शेजारच्या बोटाला घट्ट बांधलं. बांधताना त्याच रडत होत्या.

सोमवारी पेपरात आलं, 'भुसावळच्या मुली अजिंक्य, तायडेचा गोल.' साहेब तो पेपर काखेत धरूनच सरावाला आले. मी आधीच ग्लोव्हज चढवून उभी होते.

"खेळलीस?"

"खेळले."

"कुठे लागलं का?"

"नाही."

खोटं बोलले. साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "संघ छापून गेलाय, म्हणून शुक्रवारी तू खेळशील," ते म्हणाले. "पण तो कागद माझ्या बॅगेत आहे. कसोटी संपायच्या आत त्यावर सही झाली नाही, तर परदेश दौऱ्याच्या यादीत तुझं नाव नसेल. दोन महिन्यांचा दौरा आहे. नीट विचार कर."

विमानात बसायचं स्वप्न आम्हा सगळ्याजणींना तेव्हा कसं पडायचं, ते आज सांगून पटणार नाही. आमच्या अख्ख्या क्वार्टर्समध्ये विमान जवळून बघितलेलं कुणी नव्हतं.

शुक्रवारी पाहुण्यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. मी कव्हरला. पहिला तास चेंडू माझ्याकडे आला नाही. दुसऱ्या तासात एक सणसणीत फटका थेट माझ्याकडे आला. हात खाली नेले असते तर किंचाळले असते. पुढचं माझ्या पायाने केलं. हॉकीत स्टिक आडवी लावून रोखतात तसा मी बूट आडवा लावून चेंडू दाबला, डाव्या हाताने उचलला आणि डाव्यानेच फेकला. प्रेक्षकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "अगं, स्टिक विसरलीस!"

शालनताई हसल्या नाहीत. षटक संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"हात दाखव."

"ताई..."

"दाखव म्हणते ना."

मी दाखवला. पट्टीच्या बाहेर बोट जांभळं झालं होतं. त्यांनी चटकन माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन झाकला, जणू काही क्षेत्ररक्षणाबद्दल सांगत आहेत.

"रविवारचं?"

"हो."

त्या पॅव्हेलियनकडे बघत राहिल्या. साहेब तिथे खुर्चीत बसले होते. मी वाट बघत होते, आता त्या मला बाहेर पाठवतील.

"मिड-ऑनला जाऊन उभी राहा," त्या म्हणाल्या. "तिकडे कमी येतो." आणि जाता जाता म्हणाल्या, "गाढव आहेस."

दोनशे चौदा धावांवर पाहुण्या बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी आमची सुरुवात इतकी वाईट झाली की मला पॅड नीट बांधायलाही उसंत मिळाली नाही. एकसष्टवर चार. शालनताई एका बाजूला टिकून होत्या, मी त्यांच्या जोडीला गेले.

बॅट धरली ती डाव्या हाताने. उजवा नुसता लावलेला. पहिले काही चेंडू तर मी डोळे मिटूनच खेळले म्हणा ना. चेंडू बॅटीवर आदळला की कळ कोपरापर्यंत जायची. मग मला सवयीचं काहीतरी सुचलं. हॉकीतही स्टिक वळवतो तो डावाच हात, उजवा खाली फक्त आधार देतो. मी बॅट तशी धरली, जरा वाकले आणि चेंडू जमिनीलगत रेटायला लागले. कव्हरमधून एक चौकार गेला. मग आणखी एक. त्यांच्या मुलींना कळेना की ही असली फलंदाजी कुठून आली.

मी एकेचाळीसवर होते. त्यांच्या सर्वांत वेगवान मुलीचा चेंडू उसळला आणि नेमका उजव्या ग्लोव्हवर बसला. बॅट हातातून गळून पडली. मी गुडघ्यांवर बसले. यष्टिरक्षक मुलीने मदत करायला म्हणून माझा ग्लोव्ह ओढून काढला, आणि ती मागेच सरकली. पट्टी सुटून बोट वेड्यासारखं भलतीकडेच वळलं होतं.

डॉक्टर धावत आले. त्यांच्यामागून खांबेटेसाहेब.

डॉक्टरांनी बोट बघितलं. "हे आत्ताचं नाही," ते म्हणाले. "चार-सहा दिवसांपूर्वी मोडलंय."

साहेब माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. रागाने असेल, काळजीनेही असेल.

"हेच सांगत होतो ना मी? हॉकीत मोडलंस. देशाच्या कसोटीला मोडका हात घेऊन आलीस. बोल आता. माझं चुकलं होतं का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "तुमचं खरं ठरलं."

"चल आत. डॉक्टर, हिला घेऊन चला. आणि सही आजच होईल."

मी डाव्या हाताने बॅट उचलली.

"साहेब, तुमचं खरं ठरलं," मी परत म्हटलं. "सही मात्र मी करणार नाही. आज नाही, दौऱ्यासाठी नाही, कधीच नाही. आणि आतही येणार नाही. पंच मला बाहेर काढू शकतात. तुम्ही नाही."

पंच बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "जिवाला धोका नाही. खेळायचं की नाही ते तिने ठरवायचं."

"ती काय ठरवणार!" साहेब ओरडले. "शालन, तू कप्तान आहेस. सांग तिला."

शालनताई दुसऱ्या टोकाहून चालत आल्या होत्या. त्यांनी हेल्मेटबिल्मेट काही घातलं नव्हतं, तेव्हा नसायचंच. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. त्या साहेबांच्या अगदी जवळ गेल्या आणि हळू, पण मला ऐकू येईल असं बोलल्या.

"साहेब, तुमच्या बॅगेत माझाही एक कागद आहे. त्यावर काय लिहिलंय ते मी इथे सगळ्यांसमोर सांगू का?"

साहेब वळले आणि सीमारेषेकडे चालू लागले. मैदान ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला.

डॉक्टरांनी बोट सरळ करून पुन्हा बांधलं. तेव्हा मी काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी खेळले. चौऱ्याहत्तरवर बाद झाले. शालनताई एकोणनव्वदवर. आम्हाला बारा धावांची आघाडी मिळाली. तिसऱ्या दिवशी सामना अनिर्णित राहिला, पण पाहुण्यांच्या कप्तानाने येऊन माझ्या डाव्या हाताशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवसाचा खेळ संपल्यावर, संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये आम्ही दोघीच उरलो होतो. शालनताई बुटांच्या नाड्या सोडत होत्या. मी विचारलं, "ताई, तुमच्या कागदावर काय आहे?"

त्यांनी एक बूट काढून बाजूला ठेवला.

"चार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "इंदूरचे होते. मोहन नाव. वैशाखातली तारीख धरली होती. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, कप्तान करतो, पण लग्न झाल्यावर मुली खेळ सोडतात, हे मी सारखं बघतोय. लिहून दे, तीन वर्षं लग्न करणार नाही."

"आणि तुम्ही दिलंत?"

"दिलं. तिथल्या तिथे. चहासुद्धा घेतला." त्यांनी दुसरा बूट काढला. "मोहनने दीड वर्ष वाट बघितली. मग त्याच्या घरच्यांनी बघितली नाही. त्याचं काही चुकलं नाही. साहेबांचंही नसेल, त्यांना संघ टिकवायचा होता. सही माझी होती."

"मग मला सही कर का म्हणालात?"

"कारण मला सहाव्या नंबरला कुणीतरी हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून घेताना त्यांनीही तेवढाच विचार केला होता. रविवारी तू निघून गेलीस ना, तेव्हा मला भयंकर राग आला. दिवसभर वाटत होतं, तो तुझा आलाय. नंतर कळलं, माझाच होता."

बाकीच्या मुलींकडूनही काय काय लिहून घेतलं होतं ते त्या आठवड्यात हळूहळू कळलं. एकीने कॉलेज सोडायचं, एकीने नाटकात काम करायचं नाही. मालिका संपली त्या दिवशी शालनताई सगळ्याजणींना घेऊन ऑफिसात गेल्या आणि कागद परत मागितले. साहेब आधी चिडले, मग म्हणाले, "तुमच्यासाठीच केलं सगळं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण कागद दिले. मुलींनी ते शाळेच्या आवारातच फाडले.

माझा फाडायला काही नव्हता. आणि दौऱ्याच्या यादीत माझं नावही नव्हतं. वर एक वर्षाची बंदी, दुखापत लपवल्याबद्दल. ती मात्र मला मान्य होती, लपवली तर होतीच. शालनताईही दौऱ्याला गेल्या नाहीत, त्या नाही म्हणाल्या. विमान गेलं त्या दिवशी मी भुसावळच्या मैदानावर, हाताला प्लास्टर घालून, लहान मुलींना डाव्या हाताने चेंडू ढकलून देत होते. रडले नाही असं सांगणार नाही. घरी येऊन पोटभर रडले. वडील शेडमधून आले, म्हणाले, "सही केली असतीस तर आता विमानात असतीस." मी म्हटलं, "हो." त्यांनी हातपाय धुतले, ताटावर बसले आणि आईला म्हणाले, "हिला दोन भाकऱ्या जास्त वाढ. हाड भरून यायचंय."

हाड भरून आलं, वाकडंच. बंदीचं वर्ष संपत आलं तेव्हा हॉकीच्या भारतीय शिबिरासाठी माझं नाव आलं. त्या वेळी दोन्ही खेळ एवढ्या वरपर्यंत खेळणाऱ्या आम्ही मोजक्याच होतो. त्या शिबिरात असतानाच एक दिवस पत्र आलं. अक्षर खांबेटेसाहेबांचं, टाइप केलेलं नाही. 'बंदीची मुदत संपली. क्रिकेटचे शिबिर वीस तारखेपासून. हजर राहावे.' बरोबर दुसरा कुठलाही कागद नव्हता.

मी उलट टपालाने कळवलं, 'हॉकीचे शिबिर चोवीसला संपते. पंचवीसला येते.'

मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस, पाच दिवस कोण थांबतं तुझ्यासाठी? मलाही तसंच वाटत होतं. तरी मी चोवीस तारखेपर्यंत एक सराव चुकवला नाही.

पंचवीसला सकाळी पुण्याच्या मैदानावर पोहोचले तेव्हा सराव सुरू झाला होता. साहेब नेटच्या मागे उभे होते. त्यांनी घड्याळात बघितलं. माझ्या खांद्यावरच्या हॉकी स्टिककडे बघितलं.

"ती तिकडे सावलीत ठेव," ते म्हणाले. "लाकूड तापतं उन्हात. आणि लवकर पॅड बांध, तुझा नंबर आलाय."